चूक कोणाच्या खात्यावर? मूल्यमापनाच्या तंत्रज्ञानाविषयी वाचकांचे प्रश्न

उच्च शिक्षणातील परीक्षा आणि त्यांसाठी वापरले जाणारे तंत्रज्ञान यांविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी आठ पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेने वगळली आहेत. उत्तरे देणाऱ्याने नोकरीचा मोठा काळ परीक्षा विभागात काढला आहे. त्यामुळे कोठे मत जरा जास्त ठाम वाटल्यास तो त्या नोकरीचा परिणाम समजावा.

प्रश्न : आमच्या संस्थेने पुढील तीन वर्षांसाठी डिजिटल मूल्यमापनाचे धोरण तयार करायचे ठरवले आहे. मी प्राचार्य या नात्याने समिती नेमली. समितीने पहिल्याच बैठकीत तीन कंपन्यांची सादरीकरणे ठेवली आणि सदस्य उत्साहात आहेत. आमची सुरुवात योग्य झाली आहे का?

उत्तर : सदस्यांचा उत्साह स्वागतार्ह आहे, पण सुरुवात उलट्या टोकाकडून झाली आहे. सादरीकरण पाहिले की ‘आपल्याला काय तपासायचे आहे?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘या तिघांपैकी कोणाला निवडायचे?’ हा प्रश्न त्याची जागा घेतो. मग संस्थेच्या गरजासुद्धा त्या प्रणालीत जे उपलब्ध आहे त्याच्याच भाषेत लिहिल्या जातात. पुढील बैठका दोन महिने पुढे ढकला. कंपन्या थांबतात.

त्या दोन महिन्यांत प्रत्येक विभागाकडून एक साधे काम करून घ्या. मागील तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढाव्यात आणि प्रत्येक प्रश्नासमोर, त्याचे उत्तर देताना विद्यार्थ्याला प्रत्यक्षात काय करावे लागते ते लिहावे: आठवावे लागते, समजावून सांगावे लागते, शिकलेले नव्या परिस्थितीत वापरावे लागते, की दोन पर्यायांतून एक निवडून त्याचे समर्थन करावे लागते. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेली वर्गवारी आपल्यापैकी अनेकांना पाठ असते. ती स्वतःच्याच प्रश्नपत्रिकेला लावून पाहण्याचा प्रसंग मात्र क्वचित येतो. ही यादी तयार झाली की ती अभ्यासक्रमाच्या छापील उद्दिष्टांशेजारी ठेवावी. उद्दिष्टांत ‘चिकित्सक विचार’ आणि गुण मात्र व्याख्या व फरक लिहिण्याला, असे चित्र दिसले तर दचकू नका. उद्दिष्ट, अध्यापन आणि मूल्यमापन ही तिन्ही एका रेषेत असावीत, असा आग्रह जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये धरला, तो याच अनुभवावर आधारलेला होता. विद्यार्थी उद्दिष्टे वाचून अभ्यास करत नाही, तो जुन्या प्रश्नपत्रिका पाहून करतो. प्रश्नपत्रिकेतच दोष असेल, तर संगणक तो दोष अधिक वेगाने आणि अधिक विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवील.

दुसरे काम अधिक अवघड आहे, आणि माझ्या मते तेच धोरणाचे खरे अंग आहे. मूल्यमापनाची कोणतीही पद्धत दोन प्रकारे चुकते: ती अपात्राला उत्तीर्ण करते किंवा पात्राला नापास करते. एक चूक कमी करायला जावे तर बहुधा दुसरी वाढते. औषधाची मात्रा काढता येते की नाही हे तपासणाऱ्या परीक्षेत पहिली चूक रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. पहिल्या वर्षाच्या निबंधात दुसरी चूक अधिक जाचक ठरते, कारण ती एखाद्याला तो विषयच सोडायला लावते. कोणत्या परीक्षेत कोणती चूक आपण पत्करणार, आणि ती घडल्यावर उत्तर कोण देणार, हे लिहून ठेवणे म्हणजे धोरण. सॉफ्टवेअर असे निर्णय घेत नाही, असे म्हणण्याची पद्धत आहे. पण ते पूर्ण खरे नाही. आपण ठरवले नाही तर ते कोणाला न कळता ठरवते.

इंग्लंडमध्ये २०२० साली जे घडले ते आपल्या समितीने अवश्य अभ्यासावे. कोविडमुळे तेथील ए-लेव्हल परीक्षा रद्द झाल्या. विद्यापीठांतील प्रवेश याच परीक्षांच्या श्रेणींवर ठरतात. ऑफक्वाल या नियामक संस्थेने शिक्षकांनी लावलेला गुणानुक्रम आणि त्या शाळेचे मागील वर्षांचे निकाल यांवर बेतलेले सूत्र वापरले. विद्यार्थ्यांचा गट फार लहान असेल तेथे मात्र शिक्षकांच्या अंदाजाला वजन दिले. १३ ऑगस्टला निकाल लागला तेव्हा सुमारे ३९ टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आल्या होत्या, आणि चारच दिवसांत, १७ ऑगस्टला, माघार घ्यावी लागली. येथे गणित चुकले नव्हते. देशभरातील श्रेणी एकदम फुगू नयेत हे उद्दिष्ट सूत्राने साधले होते. परंतु ज्या शाळेचे जुने निकाल सामान्य आहेत अशा शाळेतील हुशार विद्यार्थ्याने ‘माझी श्रेणी का उतरली?’ असे विचारल्यावर त्याला पटेल असे उत्तर कोणाकडेही तयार नव्हते.

तेव्हा आपले धोरण आठ-दहा पानांचे असले तरी पुरे. प्रत्येक प्रकारच्या परीक्षेसाठी तिचा हेतू, संभाव्य चूक, दाद मागण्याचा मार्ग आणि अंतिम निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचे पद त्यात असावे. ते हातात घेऊन मग सादरीकरणे पाहा. सदस्यांचे प्रश्न बदललेले दिसतील.

प्रश्न : मी परीक्षा नियंत्रक आहे. उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत आम्ही आणत आहोत. यामुळे गुणांतील तफावत संपेल, असे विक्रेते सांगतात. ज्येष्ठ परीक्षक मात्र नाराज आहेत. कोणाचे खरे मानावे?

उत्तर : दोघांचेही थोडेथोडे. परीक्षकांतील तफावत हा आजचा आजार नाही. डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी १९१२ मध्ये इंग्रजी विषयाची एकच उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडे तपासायला पाठवली होती. तिला मिळालेले गुण शंभरापैकी ६४ पासून ९८ पर्यंत पसरलेले होते, आणि दुसऱ्या एका उत्तरपत्रिकेचे ५० पासून ९७ पर्यंत. कागदाऐवजी पडदा आणल्याने माणसांचे मतभेद नाहीसे होत नाहीत. तो फक्त ते वेळेत दाखवून देतो, आणि एवढेही मोठे काम आहे.

पडद्यावरील तपासणीचे निर्विवाद फायदे तीन-चारच आहेत. गुणांची बेरीज चुकत नाही. एखाद्या उपप्रश्नाचे उत्तर तपासायचे राहिले तर प्रणाली पुढे जाऊ देत नाही. संपूर्ण उत्तरपत्रिका एकाच परीक्षकाकडे न देता एका परीक्षकाला एकच प्रश्न देता येतो, त्यामुळे पहिल्या सुंदर उत्तराची छाप पुढच्या सामान्य उत्तरावर पडत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्यांचे गुण तज्ज्ञांच्या समितीने आधीच निश्चित केले आहेत अशा काही उत्तरपत्रिका परीक्षकाच्या नकळत त्याच्या गठ्ठ्यात मिसळता येतात. तो ठरलेल्या गुणांपासून फार दूर गेला तर त्याच दिवशी त्याला थांबवून त्याच्याशी बोलता येते. कागदी पद्धतीत हीच गोष्ट निकालानंतर, पुनर्मूल्यांकनाच्या अर्जांचा ढीग पाहून कळत असे.

ज्येष्ठ परीक्षकांची नाराजी बहुधा येथेच आहे. नकळत मिसळलेल्या उत्तरपत्रिका त्यांना पाळतीसारख्या वाटतात. त्यावर उपाय असा, की तपासणी सुरू होण्यापूर्वी सर्वांना एकत्र बसवून दहा-पंधरा खऱ्या उत्तरांवर चर्चा घडवून आणावी, गुणदान योजना तेथेच दुरुस्त करावी आणि परीक्षकांनी सुचवलेले बदल त्यांच्या डोळ्यांदेखत नोंदवावेत. ज्या योजनेत आपला हात आहे ती माणूस पाळतो. डोळ्यांवर येणारा ताणही खरा आहे. रोजच्या उत्तरपत्रिकांची कमाल मर्यादा प्रणालीतच घालून द्या.

एक गोष्ट कोणत्याही सादरीकरणात येत नाही, म्हणून सांगतो. गोंधळ तपासणीत होत नाही, स्कॅनिंगमध्ये होतो. पुरवणी दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेला जोडली जाते, पेन्सिलीने काढलेली आकृती पुसट येते, दोन पाने चिकटून एकदम जातात. पानांची मोजणी परीक्षा-कक्षात पर्यवेक्षकाने, स्कॅनिंगपूर्वी लिपिकाने आणि स्कॅनिंगनंतर प्रणालीने अशी तीनदा करा, आणि तिन्ही आकडे जुळल्याशिवाय गठ्ठा पुढे पाठवू नका.

प्रश्न : मी साहित्य शिकवते. माझ्या विद्यार्थिनीने लिहिलेला निबंध कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिला असल्याचे संस्थेच्या सॉफ्टवेअरने ८७ टक्के इतक्या खात्रीने सांगितले आहे. विद्यार्थिनी ठामपणे नाकारते. विभागप्रमुख कारवाई करा म्हणतात. मी काय करावे?

उत्तर : त्या आकड्याच्या आधारे काहीही करू नका. ‘८७ टक्के’ याचा अर्थ ती दोषी असण्याची शक्यता शंभरात ८७ आहे, असा होत नाही. काही साधनांत हा आकडा मजकुराचा किती भाग यंत्रलिखित वाटतो ते दाखवतो, काहींत तो साधनाचा स्वतःविषयीचा विश्वास असतो. आपल्या संस्थेतील साधनाचा आकडा नेमके काय सांगतो, हे प्रथम लेखी मागवून घ्या. विभागप्रमुखांनाही ते ठाऊक नसण्याची दाट शक्यता आहे.

आता थोडे गणित करू. समजा, १,००० निबंध आले आणि त्यांतील १०० खरोखर यंत्राने लिहिलेले आहेत. साधन त्या १०० पैकी ८० ओळखते आणि प्रामाणिक ९०० पैकी केवळ २ टक्के निबंधांवर चुकून ठपका ठेवते. ऐकायला हे उत्तम वाटते. पण ठपका आलेल्या एकूण ९८ निबंधांपैकी १८ निर्दोष विद्यार्थ्यांचे असतील, म्हणजे जवळजवळ पाचातील एक. ज्या वर्गात लबाडी कमी, त्या वर्गात हे प्रमाण आणखी वाईट होते. एक हजारात २० च निबंध यंत्रलिखित असतील, तर त्याच साधनाने पकडलेल्यांत निर्दोषांची संख्या दोषींहून अधिक भरेल. प्रामाणिक वर्गालाच साधनाचा फटका अधिक बसतो, हे आपल्या विभागप्रमुखांना कागदावर मांडून दाखवा.

अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिन या लेख तपासणाऱ्या सेवेतील यंत्रलेखन ओळखण्याची सोय बंद केली तेव्हा असाच हिशेब मांडला होता. त्यांच्याकडे २०२२ मध्ये या सेवेतून ७५,००० लेख तपासले गेले होते. चुकीचे प्रमाण केवळ १ टक्का धरले तरी सुमारे ७५० विद्यार्थ्यांच्या लेखांवर नाहक शिक्का बसला असता. ज्या कंपनीने चॅटजीपीटी तयार केले त्या ओपनएआयने स्वतःचे ओळखयंत्र जानेवारी २०२३ मध्ये आणले आणि अचूकता कमी असल्याचे कारण देऊन जुलैमध्ये मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात साधनांना टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध दिले. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या माणसांनी ते लिहिले होते, तरीही सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्रलिखित ठरवले गेले. कारण तांत्रिक पण समजण्यासारखे आहे: ही साधने पुढचा शब्द किती अपेक्षित आहे ते मोजतात, आणि मर्यादित शब्दसंग्रहाने सरळ, जपून लिहिणाऱ्याचे शब्द अपेक्षितच असतात. परक्या भाषेत धडपडून नीट लिहिणाऱ्यावर संशय घेणारे साधन साहित्याच्या विभागात असावे, ही मला तरी खेदाची गोष्ट वाटते.

वाङ्मयचौर्य शोधणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरशी याची गल्लत करू नये. तेथे मूळ मजकूर समोर ठेवता येतो, आणि विद्यार्थी व शिक्षक दोघेही तो वाचू शकतात. येथे पुरावा असा काही नसतोच. केवळ अंदाज असतो, आणि तोही तपासून पाहता येत नाही.

विद्यार्थिनीला बोलवा, पण आरोपी म्हणून नव्हे. तिचे कच्चे खर्डे, टिपणे, संगणकावरील दस्तऐवजाच्या आधीच्या आवृत्त्या पाहा. दुसऱ्या परिच्छेदातील तिचा मुद्दा तिने का निवडला, कोणता पर्याय टाकून दिला, ते विचारा. पंधरा मिनिटांत आपल्यासारख्या अनुभवी शिक्षिकेला जे कळेल ते कोणताही आकडा सांगणार नाही. त्यानंतरही शंका राहिली आणि संस्थेचे नियम तशी मुभा देत असतील, तर त्याच विषयावर समोरासमोर छोटे लेखन घ्या. आणि शंका सिद्ध झाली नाही, तर तिला तसे स्पष्ट शब्दांत सांगा. मनात ठेवलेला संशय पुढच्या प्रत्येक गुणदानात डोकावतो.

दूरचा उपाय परीक्षेच्या रचनेतच आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाने मूल्यमापनाचे सरळ दोन मार्ग केले आहेत: एक देखरेखीखालील, जेथे विद्यार्थ्याने स्वतः काय आत्मसात केले ते तपासले जाते, आणि दुसरा खुला, जेथे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराला मनाई नसते. हे धोरण मला आवडते ते त्यातील प्रामाणिकपणासाठी. घरी लिहून आणायच्या निबंधात यंत्र वापरू नका असे सांगायचे आणि ते पाळले जाते की नाही हे पाहण्याचा विश्वासार्ह मार्ग नसायचा, ही स्थिती नियम पाळणाऱ्याला तोट्यात टाकते.

प्रश्न : मी पदव्युत्तर विद्यार्थी आहे. आमच्या ऑनलाइन परीक्षेत कॅमेरा सतत चालू असतो आणि खोली चारही बाजूंनी दाखवावी लागते. नजर हलली तरी इशारा येतो. मला विचार करताना छताकडे पाहण्याची सवय आहे. याविरुद्ध बोलले तर मी कॉपी करणारा ठरेन का?

उत्तर : ठरू नये, आणि तुम्ही एकटेही नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने खोली दाखवण्याच्या सक्तीला न्यायालयात आव्हान दिले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये संघीय न्यायालयाने ती सक्ती म्हणजे तेथील राज्यघटनेने निषिद्ध ठरवलेली अवाजवी झडती असल्याचा निर्णय दिला. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने परीक्षेतील गैरवर्तन टिपणाऱ्या प्रणालींना उच्च जोखमीच्या वर्गात घातले आहे, आणि शिक्षणसंस्थांत वैद्यकीय वा सुरक्षेच्या कारणाशिवाय माणसाच्या भावना ओळखू पाहणाऱ्या प्रणालींवर बंदीच घातली आहे. हे कायदे सर्वांना लागू नाहीत, पण तुमचा आक्षेप क्षुल्लक नाही हे त्यांवरून दिसते.

तुमच्या संस्थेकडे तीन गोष्टी लेखी मागा: इशारा आल्यावर चित्रफीत कोण पाहतो, ती किती दिवस ठेवली जाते, आणि निर्णयाविरुद्ध दाद कोठे मागायची. इशारा म्हणजे निकाल नव्हे. तो माणसाने पाहायचा असतो. छताकडे पाहण्याची सवय परीक्षेपूर्वीच कळवून ठेवा.

संस्थाचालकही हे वाचत असतील, म्हणून पुढचे चार शब्द त्यांच्यासाठी. ज्या परीक्षेचे उत्तर अर्ध्या मिनिटात शोधून मिळते तिच्यावर कॅमेरा लावण्यात बराच खर्च होतो. पुस्तक उघडून देता येणारी परीक्षा, छोटी तोंडी परीक्षा, किंवा संस्थेच्याच प्रयोगशाळेत इतर खिडक्या बंद ठेवणाऱ्या ब्राउझरवर घेतलेली परीक्षा हे पर्याय आहेत. झुरिकच्या ईटीएच या संस्थेत विकसित झालेला सेफ एक्झाम ब्राउझर तर मुक्त स्रोताचा आहे.

प्रश्न : बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा संगणक आपोआप तपासतो आणि शेवटी आकड्यांचा एक तक्ता देतो. आमच्याकडे तो कोणी उघडत नाही. त्यात काही उपयोगाचे असते का?

उत्तर : त्या संपूर्ण प्रणालीत सर्वांत उपयोगाचे तेच असते. बहुपर्यायी उत्तरे यंत्राने तपासणे जुने आहे. आयबीएमचे ८०५ हे यंत्र १९३८ मध्ये आले, आणि पेन्सिलीच्या खुणेतील ग्राफाइटमधून विजेचा प्रवाह जातो या साध्या गोष्टीवर ते चाले. त्याची मूळ कल्पना रेनॉल्ड जॉन्सन या एका शाळाशिक्षकाची होती, याचा आपल्या व्यवसायाला अभिमान वाटायला हरकत नाही. तेव्हापासून तपासणीचा वेग वाढत गेला, पण प्रश्न चांगला होता का, हे पाहण्याची सवय तितकी रुजली नाही.

तक्त्यातील दोन आकडे पाहा. पहिला काठिण्य निर्देशांक, म्हणजे किती विद्यार्थ्यांचे उत्तर बरोबर आले. दुसरा भेदक्षमतेचा, म्हणजे प्रश्न हुशार आणि कच्च्या विद्यार्थ्यांना किती वेगळे करतो. समजा २०० विद्यार्थी आहेत. एकूण गुणांनुसार वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के, म्हणजे ५४-५४ विद्यार्थी घ्या. एखाद्या प्रश्नाचे उत्तर वरच्या गटातील ४१ जणांचे आणि खालच्या गटातील १४ जणांचे बरोबर असेल, तर फरक २७ आणि निर्देशांक २७ भागिले ५४, म्हणजे ०.५०. हा प्रश्न उत्तम. निर्देशांक शून्याजवळ असेल तर प्रश्नाने कोणालाच वेगळे केले नाही. तो उणे आला, म्हणजे अभ्यास केलेले चुकले आणि न केलेले बरोबर आले, तर आधी उत्तरसूची तपासा. माझ्या अनुभवात दहापैकी बहुतेक वेळा सूचीच चुकलेली निघे, आणि निकाल लागण्यापूर्वी ती सापडली की परीक्षा विभागात त्या दिवशी कोणी कोणावर ओरडत नसे.

चार पर्यायांच्या ४० प्रश्नांत नुसत्या अंदाजाने सरासरी १० उत्तरे बरोबर येतात. उत्तीर्णतेची रेषा १६ वर असेल, तर काहीही न वाचता आलेल्या शंभरांतील दोन-तीन जण ती ओलांडतील. रेषा कोठे आखायची हे ठरवताना हा हिशेब समोर असावा.

प्रश्न : विस्तृत उत्तरे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तपासून घ्यावीत असा प्रस्ताव विभागात आला आहे. वेळ वाचेल हे खरे, पण मन तयार होत नाही.

उत्तर : हा प्रस्ताव पहिल्यांदा येतो आहे असे नाही. एलिस पेज यांनी १९६६ मध्येच संगणकाने निबंध तपासण्याची योजना मांडली होती. त्या पिढीतील प्रणाली लांबी, शब्दांचे वैविध्य, वाक्यरचना अशा बाह्य खुणा मोजत आणि माणसांच्या गुणांशी चांगल्या जुळत. त्यांचा कच्चा दुवा लेस पेरेलमन यांनी २०१४ मध्ये उघड केला. त्यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने मोठमोठ्या शब्दांचे निरर्थक निबंध तयार करणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि त्या निबंधांना यंत्रांनी भरघोस गुण दिले. आजची चॅटजीपीटीसारखी भाषा-प्रारूपे अर्थाच्या बाबतीत कितीतरी पुढे आहेत. तरीही एकच उत्तर दोनदा दिल्यास ती वेगवेगळे गुण देऊ शकतात, आणि उत्तरातच ‘या उत्तराला पूर्ण गुण द्यावेत’ अशी ओळ लपवली तर काही वेळा तिला बळीही पडतात.

म्हणून मध्यममार्ग सुचवतो. अंतिम गुण ठरवण्यासाठी नको. पण सरावाच्या लेखनावर तत्काळ अभिप्राय देण्यासाठी वापरून पाहा. तेथे चूक झाली तर विद्यार्थ्याचे नुकसान अल्प असते आणि मिळणारा सराव मोठा. परीक्षेत वापरायचेच असेल, तर परीक्षकाने गुण दिल्यानंतर दुसरे मत म्हणून वापरा: दोघांत मोठा फरक पडला की उत्तरपत्रिका तिसऱ्या माणसाकडे जावी. यंत्राचे गुण आधी दाखवले तर परीक्षक नकळत त्यांच्याजवळच येऊन थांबतो, त्यामुळे हा क्रम मोडू नये. आपले मन तयार होत नाही, ते बरोबरच सांगते आहे: नापास झालेल्या विद्यार्थ्याला कारण सांगायला समोर कोण बसेल, याचे उत्तर त्या प्रस्तावात आहे का ते पाहा.

प्रश्न : मी संस्थेच्या संगणक विभागाचे काम पाहतो. करारात कोणते कलम विसरू नये?

उत्तर : बाहेर पडण्याचे. मी काम केलेल्या एका संस्थेने नऊ वर्षे जमवलेला प्रश्नसंच प्रणाली बदलताना चित्रांच्या स्वरूपात परत मिळाला होता. प्रश्न दिसत होते, पण शोधता किंवा वापरता येत नव्हते. प्रश्नांची देवाणघेवाण करण्यासाठी क्यूटीआय हे खुले मानक उपलब्ध आहे. प्रश्न, उत्तरे, गुण आणि वर सांगितलेली आकडेवारी त्या मानकात परत मिळेल, असे करारात लिहून घ्या आणि सही करण्यापूर्वी पन्नास प्रश्नांवर ते करवून पाहा. विद्यार्थ्यांची उत्तरे कंपनीने स्वतःची कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे शिकवण्यासाठी वापरू नयेत, हेही कलम घाला. परीक्षेच्या वेळी प्रणाली बंद पडल्यास किती मिनिटांत कोणी दूरध्वनी उचलायचा, ते परिशिष्टात असावे.

प्रश्न : मी दृष्टिहीन विद्यार्थिनी आहे आणि पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरते. संगणकावरील परीक्षेने माझे काम सोपे होईल असे वाटले होते, पण गणिताची सूत्रे चित्रे म्हणून दिलेली असतात आणि घड्याळ संपले की पान आपोआप बंद होते. लेखनिक घ्या, असे मला सांगितले जाते.

उत्तर : लेखनिक हा तुमचा हक्काचा पर्याय असू शकतो, पण प्रणालीतील दोष झाकण्यासाठी तो तुमच्यावर लादला जाऊ नये. तुम्ही सांगता त्या दोन्ही अडचणींवर उपाय बरेच जुने आहेत. सूत्रे मॅथएमएल या पद्धतीने लिहिली तर वाचक-सॉफ्टवेअर ती वाचू शकते. संकेतस्थळांच्या सुगम्यतेची डब्ल्यूसीएजी ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांची २.० ही आवृत्ती २००८ मध्ये आली आणि २.२ ही ऑक्टोबर २०२३ मध्ये. चित्राला पर्यायी मजकूर असावा, आणि वेळेची मर्यादा शक्य तेथे वाढवता यावी, हे त्यांत २.० पासून आहे. प्रचलित परीक्षा-प्रणालींत एकेका विद्यार्थ्याला जादा वेळ देण्याची सोय असते. ती कोणीतरी आठवणीने लावावी लागते, एवढेच.

परीक्षा विभागाला पत्र लिहिताना केवळ ‘अडचण येते’ असे लिहू नका. कोणत्या परीक्षेत, कितव्या प्रश्नाला, तुमच्या सॉफ्टवेअरने काय वाचले ते जसेच्या तसे लिहा. सूत्राच्या जागी ‘चित्र’ एवढाच शब्द ऐकू आला असेल तर तो शब्द पत्रात येऊ द्या. खऱ्या परीक्षेच्या किमान दोन आठवडे आधी, त्याच प्रणालीवर, तुमच्याच संगणकावर आणि तुमच्या विषयाच्या सूत्रांसह सराव-परीक्षा मिळावी अशी मागणी करा, आणि त्या वेळी परीक्षा विभागातील एक जण तुमच्या शेजारी कानाला हेडफोन लावून बसेल असे पाहा.